लॉक दुरुस्त केलं, पण कारचं दार नीट लागत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किल्लीचं सिलिंडर, दाराचं हँडल किंवा सेंट्रल लॉकिंगची मोटर बदलून झाली आणि त्यानंतर दार रुसलं, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. घाईत असाल तर निदान चौथा प्रश्न वाचा. दुरुस्तीनंतर लॅच (दार चौकटीला अडकवून धरणारी यंत्रणा) तपासल्याशिवाय दार लावायचं नाही, एवढं पाळलं तरी यातल्या निम्म्या अडचणी टळतात.

लॉक दुरुस्त करून आणलं आणि आता दारच लागत नाही. लॅचही गेलं का?

बहुतेक वेळा नाही. दुरुस्तीआधी दार व्यवस्थित लागत होतं आणि दुरुस्तीनंतर लागत नाही, तर आधी संशय जोडणीवर घ्यावा, भागावर नव्हे. सिलिंडर किंवा हँडल काढायचं म्हणजे दाराचं आतलं पॅड उतरवावं लागतं, रॉड आणि केबल सोडाव्या लागतात, वायरिंगचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) काढावे लागतात. हे सगळं परत जोडताना एखादी क्लिप अर्धवट बसते, केबल खाचेच्या बाहेर राहते किंवा रॉड थोडा लांब-आखूड लागतो. लॅच धडधाकट असतं, पण त्याला चुकीचा निरोप मिळत असतो.

त्यामुळे थेट नवीन लॅच विकत घेऊ नका. पॅड उघडून दहा मिनिटं बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं, तर खर्च वाचण्याची शक्यता चांगली आहे.

लॅचमध्ये नेमकं असतं काय?

दाराच्या कडेला, चौकटीकडच्या बाजूला एक खाच दिसते. तिच्यात धातूचा एक आकडा फिरतो. गाडीच्या चौकटीवर बसवलेली जाड कडी म्हणजे स्ट्रायकर. दार लावताना स्ट्रायकर आकड्याला आत ढकलतो, आकडा फिरून स्ट्रायकरला कवेत घेतो आणि मागून एक खटका स्प्रिंगच्या जोरावर येऊन आकड्याला अडवतो. हँडल ओढलं की रॉड किंवा केबल हा खटका उचलते, आकडा मोकळा होतो आणि दार उघडतं. लॉक करणं ही यातली वेगळी गोष्ट आहे. लॉक केल्यावर हँडल आणि खटका यांच्यातला दुवा तुटतो, म्हणजे हँडल ओढलं तरी खटक्यापर्यंत काही पोहोचत नाही. 'दार लागत नाही' आणि 'दार लॉक होत नाही' या दोन तक्रारींची कारणं म्हणूनच वेगळी असतात. मेकॅनिकशी बोलताना त्या एकत्र करू नका.

आकड्याचे टप्पे दोन असतात. पहिल्या 'टक्'ला दार अर्धवट अडकतं, दुसऱ्याला पूर्ण बसतं. पहिला टप्पा ही सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली सोय आहे. दाराच्या लॅचसाठी संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम क्रमांक 11 आहे. 2004 मध्ये वाहनांसाठी जे जागतिक तांत्रिक नियम सुरू झाले, त्यातला अगदी पहिला नियमही दाराच्या लॉक-लॅचबद्दलच आहे. त्यानुसार पूर्ण बसलेल्या लॅचने 11,000 न्यूटनचा (न्यूटन म्हणजे बल मोजायचं एकक) ताण सहन केला पाहिजे, अर्धवट टप्प्याला मात्र 4,500 न्यूटन पुरतात. अर्धवट लागलेल्या दाराच्या भरवशावर प्रवास का करू नये, ते या दोन संख्यांतच आहे.

दार आपटतो, पण ते आदळून परत उघडतं. असं का?

आधी आपटणं थांबवा. दाराची कड पाहा. आकडा आधीच फिरून बंद अवस्थेत असेल, तर स्ट्रायकर आत शिरायला जागाच नाही. दर वेळी धातूवर धातू आदळतो आणि लॅच, स्ट्रायकर किंवा दाराचा पत्रा, काहीतरी वाकतं. काम करताना कुणाचा तरी हात किंवा स्क्रू ड्रायव्हर लागून आकडा फिरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दार अनलॉक करा, बाहेरचं हँडल ओढून धरा आणि आकडा परत मोकळा होतो का ते पाहा. झाला, तर प्रश्न तिथेच मिटला.

आकडा मोकळा आहे, स्ट्रायकर आत शिरतो, पण 'टक्' होतच नाही, हा दुसरा प्रकार. इथे खटका उचललेलाच राहिलेला असतो. दुरुस्तीनंतर याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे ताणली गेलेली केबल. केबलचं बाहेरचं आवरण तिच्या खाचेत पूर्ण बसलं नाही किंवा हँडलचा रॉड आखूड लागला, की हँडल कुणी ओढलेलं नसतानाही खटका थोडा उचललेला राहतो. एखाद-दोन मिलिमीटरचा फरकही पुरतो. खूण सोपी आहे: हँडल हाताने हलवून पाहा. खटक्यावर जोर येण्याआधी त्याला थोडी मोकळी चाल असली पाहिजे. चाल अजिबात नसेल तर केबल किंवा रॉड घट्ट लागला आहे.

तिसरं कारण म्हणजे बाहेरचं हँडल स्वतःच्या जागी परत न येणं. नव्या हँडलची स्प्रिंग नीट अडकवलेली नसेल किंवा हँडल वाकडं कसलं गेलं असेल, तर ते अर्धवट ओढलेल्या स्थितीत राहतं आणि लॅच बिचारं 'उघड' हाच हुकूम पाळत बसतं.

दार न लावता लॅच तपासायचं कसं?

दार पूर्ण उघडा आणि उघडंच ठेवा. शक्य असेल तर पॅड बसवण्याआधीच ही चाचणी करा, कारण काही अडलंच तर लॅचपर्यंत हात पोहोचतो. लॉक अनलॉक स्थितीत आहे याची खात्री करा.

आता स्क्रू ड्रायव्हरची दांडी स्ट्रायकरच्या जागी आहे असं समजून खाचेत घाला आणि आकडा आतल्या बाजूला हळू ढकला. पहिला 'टक्' ऐकू येईल, अजून ढकलल्यावर दुसरा. दोन्ही आवाज स्पष्ट आले पाहिजेत आणि दुसऱ्यानंतर आकडा बोटाने मागे ओढून हलता कामा नये. मग बाहेरचं हँडल ओढा. आकडा झटक्यात मोकळा झाला पाहिजे. रेंगाळत, संथ सरकत उघडला तर आत जुनं ग्रीस आणि धूळ यांचा चिकट थर आहे किंवा आकड्याची स्प्रिंग थकली आहे. परत बंद करा, या वेळी आतलं हँडल ओढा. परत बंद करा, किल्लीने लॉक करा: आता बाहेरच्या हँडलने आकडा सुटता कामा नये. किल्लीने अनलॉक करा, सुटला पाहिजे. मग हीच फेरी रिमोटने आणि आतल्या बटणाने.

सगळं एकदा जमलं म्हणून थांबू नका, निदान चार-पाच वेळा करा. अर्धवट बसलेली क्लिप पहिल्या एक-दोन ओढींना टिकते आणि नंतर निसटते. तेव्हा दार बंद असेल, तर तिच्यापर्यंत पोहोचणं फार जड जातं.

चाचणी करताना आकडा बंद झाला आणि आता सुटतच नाही.

दार लॉक झालेलं नाही ना ते आधी पाहा, कारण लॉक असेल तर बाहेरचं हँडल चालणारच नाही. अनलॉक असूनही सुटत नसेल तर आतलं हँडल ओढून पाहा. एकाने सुटलं आणि दुसऱ्याने नाही, तर न सुटणाऱ्या हँडलचा रॉड किंवा केबल निसटली आहे. दोन्हींनी सुटत नसेल तर पॅड काढून लॅचच्या मागच्या बाजूची खटक्याची पट्टी बोटाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने दाबा. ती दाबल्यावर आकडा सुटला तर लॅच ठीक आहे, जोडणी चुकली आहे. ती दाबूनही सुटत नसेल तर लॅचच्या आतच बिघाड आहे.

बाहेरून उघडतं पण आतून उघडत नाही. काहींचं उलट होतं.

मागचं दार असेल आणि आतून उघडत नसेल, तर सगळ्यात आधी चाइल्ड लॉक पाहा. दाराच्या कडेला लॅचजवळ ती छोटी कळ असते. लॅच काढता-घालता ती सरकते, आणि लोक बिचारे दोन दिवस केबल तपासत बसतात. पुढच्या दाराचं आतलं हँडल चालत नसेल तर आतली केबल हँडलच्या मागच्या खोबणीतून निसटलेली असते. पॅड बसवताना ती अडकवायची राहून जाते, कारण त्या वेळी पॅड एका हातात आणि केबल दुसऱ्या हातात असते. हेही ध्यानात ठेवा की काही गाड्यांत आतलं हँडल पहिल्यांदा ओढल्यावर फक्त लॉक निघतं आणि दुसऱ्यांदा ओढल्यावर दार उघडतं. तो बिघाड नाही.

आतून उघडतं पण बाहेरून नाही, तर बाहेरच्या हँडलचा रॉड. त्याच्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी क्लिप असते. ती रॉडभोवती फिरवून बसवायची असते आणि बसताना बारीक आवाज येतो. जुनं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी क्लिप निघालीच आहे तर नवीनच घाला. किंमत नगण्य, त्रास मात्र मोठा वाचतो.

दार बंद झालं आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडेना.

जोर लावून हँडल तोडू नका. दाराचं रबर दाबलेलं असलं की खटक्यावर ताण येतो आणि थोडासा अडकलेला खटका त्या ताणापायी सुटत नाही. एकाने बाहेरून दार चौकटीकडे घट्ट दाबून धरावं आणि त्याच वेळी दुसऱ्याने हँडल ओढावं. जमलं नाही तर हँडल ओढून धरलेलं असतानाच रिमोटने किंवा आतल्या बटणाने लॉक-अनलॉक करत राहावं. अर्धवट अडकलेली लॉकची पट्टी अशाने पुष्कळदा पूर्ण सरकते. किल्लीनेही हाच प्रयोग करा, पण किल्लीवर जोर देऊ नका.

तरीही उघडलं नाही तर दुसऱ्या दाराने आत जाऊन, दार बंद असतानाच पॅड काढावं लागतं. पॅडचे काही स्क्रू आणि कडेच्या क्लिपा दार बंद असताना अवघड जागी येतात आणि सवय नसलेल्या हाताने पॅड फाटतं. हे काम मी अनुभवी मेकॅनिकवर सोपवावं असंच म्हणेन.

किल्ली फिरते, पण लॉकवर काही परिणाम होत नाही. किंवा उलट दिशेला फिरवल्यावर लॉक होतं.

सिलिंडरच्या मागे एक जीभ असते. ती लॅचमधल्या खाचेत किंवा रॉडच्या टोकात अडकते. जीभ खाचेत न शिरता बाजूला राहिली तर किल्ली नुसतीच गरगर फिरते. सिलिंडर अर्धा वळसा चुकीचा बसला तर दिशा उलटते किंवा किल्ली पूर्ण फिरत नाही. दोन्हींचा उपाय एकच: सिलिंडर काढून नीट बसवणं. पुष्कळ गाड्यांत सिलिंडर दाराच्या कडेला रबरी बुचामागे असलेल्या स्क्रूने धरलेलं असतं. तो स्क्रू शेवटी कसायचा राहिला तर सिलिंडर हलतं आणि कधी किल्लीबरोबर बाहेरही येतं, म्हणून बूच काढून तो एकदा तपासा.

फक्त सिलिंडर नवीन असेल तर जुनी किल्ली त्यात चालणार नाही. सगळ्या दारांना एकच किल्ली हवी असेल तर जुन्या किल्लीप्रमाणे सिलिंडरच्या आतल्या पत्त्या (किल्लीच्या खाचांशी जुळणाऱ्या छोट्या पट्ट्या) लावून द्यायला सांगावं.

रिमोट दाबल्यावर दारं लॉक होतात आणि लगेच अनलॉक होतात.

लॅचमध्ये मोटरबरोबर छोटे स्विच असतात. दार बंद आहे का, लॉक झालं का, हे ते गाडीच्या कंट्रोल युनिटला कळवतात. एका दाराकडून 'लॉक झालं' असा निरोप आला नाही की पुष्कळ गाड्या सगळीच दारं परत उघडतात. दुरुस्त केलेल्या दाराचा कपलर पूर्ण आत गेला आहे का, पिना वाकल्या नाहीत ना, ते पाहा. मग रॉड कुठे घासतो का ते पाहा. मोटरला शेवटचा थोडा टप्पा सरकता आलं नाही तरी हेच होतं.

दार आणि चौकट यांच्यामधली रबरी नळी विसरू नका. तिच्यातल्या वायर वर्षानुवर्षं वाकून तुटतात आणि जुन्या गाडीत पॅडची ओढाताण झाल्यावर शेवटचा धागाही जातो. एकाने लॉकचं बटण दाबत राहावं, दुसऱ्याने दार हळूहळू उघडत-मिटत न्यावं. दाराच्या एका ठरावीक कोनात चालतं आणि बाकी बंद पडतं, असं दिसलं तर वायर तिथेच तुटली आहे. एकाही दाराचं लॉक हलत नसेल तर आधी फ्यूज आणि बॅटरी पाहा.

दार पूर्ण लागलं आहे, तरी डॅशबोर्डवर 'दार उघडं' असा दिवा राहतो.

दार खरोखर दुसऱ्या टप्प्यावर बसलं आहे का, ते आधी पाहा. बाहेरून दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्याशी समपातळीत आहे का, हे बोट फिरवून कळतं. बसलं असेल तर स्विचचा प्रश्न. दार उघडं ठेवून स्क्रू ड्रायव्हरने आकडा दुसऱ्या टप्प्यापर्यंत न्या. दिवा गेला तर स्विच ठीक आहे आणि दोष दाराच्या बसण्यात आहे. नाही गेला तर कपलर किंवा लॅचमधला स्विच. जुन्या गाड्यांत हा स्विच चौकटीवर रबरी टोपीखाली असतो, तिथे लॅचला दोष देऊ नये. हा दिवा दुर्लक्षित ठेवलात तर आतले दिवे जळत राहून बॅटरी उतरते आणि चोरीचा भोंगा भलत्या वेळी वाजतो.

दार फार जोरात लावावं लागतं. स्ट्रायकर सरकवू का?

लॅच बदललं असेल आणि त्याचे स्क्रू कसताना ते किंचित तिरकं बसलं असेल, तर स्ट्रायकरला हात लावण्याआधी लॅचचे स्क्रू ढिले करून ते सरळ बसवा. दार निम्मं उघडून त्याचं टोक वर उचलून पाहा. खडखड खेळ जाणवला तर बिजागरी झिजली आहे आणि स्ट्रायकर सरकवून ते झाकणं योग्य नाही.

बाकी सगळं ठीक असेल तरच स्ट्रायकर. ढिला करण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलने किंवा मार्करने रेघ ओढून घ्या, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. एका वेळी एखाद मिलिमीटर सरकवा, कसा, दार अगदी हळू लावून पाहा. लॅच स्ट्रायकरवर चढतं की खाली घासतं, ते त्यावरच्या चमकत्या ओरखड्यावरून समजतं. शेवटी बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच (कसण्याच्या ठरावीक जोरालाच) कसा. अपघातात दार बंद राहायचं ते याच बोल्टांच्या जोरावर.

दुरुस्तीनंतर दारातून खडखड येते, आणि पावसात पायाशी ओल दिसते.

खडखड म्हणजे रॉडची क्लिप किंवा वायरिंगचा पट्टा मोकळा राहिला. ओल म्हणजे पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा फाटला किंवा परत चिकटवला नाही. काचेवरून दाराच्या पोकळीत पाणी जातच असतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. पडदा नसेल तर ते गाडीत येतं. नवीन पडदा चिकटवून घ्या, चिकटपट्टीच्या तुकड्यांवर भागवू नका.

पॅड स्वतः काढायचं ठरवलं तर काय सांभाळायचं?

एअरबॅग. पुष्कळ गाड्यांत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि बाजूने धडक बसली की त्याच्या इशाऱ्यावर एअरबॅग उघडते. इग्निशन चालू ठेवून कपलर काढले तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा, मगच सुरुवात करा. हा सेन्सर असलेल्या दारात आतला पत्रा आणि पडदा नीट सीलबंद असणं हे पाण्यापुरतंच नाही, एअरबॅगसाठीही महत्त्वाचं आहे.

पत्र्याच्या आतल्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. काच वर ठेवा. बॅटरी जोडल्यावर काचेचं एका दाबात वर जाणं बंद झालं तर घाबरू नका, ते पुस्तकाप्रमाणे पुन्हा शिकवता येतं.

लॅच दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवावी का?

दार दुसऱ्या टप्प्यावर बसत नसेल तर नाही. दोरी, पट्टा, चिकटपट्टी यांनी बांधलेलं दार वळणावर किंवा धडकेत टिकत नाही, आणि अपघात झालाच तर ते बाहेरून पटकन उघडताही येत नाही. गाडी उचलून न्या. दार नीट लागतं पण फक्त रिमोटने लॉक होत नाही किंवा बाहेरचं हँडल चालत नाही, अशा वेळी गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. मात्र आतून उघडत नसलेल्या दाराशेजारी मुलांना किंवा वयस्कर माणसांना बसवू नका.

लॅचच बदलायला हवं, हे कधी मानायचं?

सगळ्या केबल आणि रॉड सोडवूनही आकडा दुसऱ्या टप्प्यावर टिकत नसेल, खटका स्वच्छ केल्यावरही मागे येत नसेल, किंवा आतल्या स्विचचा निरोपच मिळत नसेल तर. आतली स्प्रिंग किंवा ती धरणारा प्लॅस्टिकचा कान तुटला तर लॅच खोलून जोडण्याच्या फंदात पडू नका, सबंध बदला. गाडीच्या चासी क्रमांकावरून रिकॉल आहे का, म्हणजे कंपनीने दोषामुळे ती परत बोलावली आहे का, तेही पाहा. फोर्डच्या अनेक मॉडेलांत खटक्याच्या स्प्रिंगचा असाच कान तडकत असे आणि लॅच बसेना, म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या. 2020 मध्ये तर तिला अमेरिकेत 20 लाखांहून जास्त गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या, कारण आधीच्या फेरीत लॅच बरोबर बदललं गेलं की नाही याचीच खात्री नव्हती. दुरुस्ती झाली असं कागदावर आहे म्हणून ती दारात झालीच असेल, असं धरून चालू नका.

गॅरेजला परत जाताना काय सांगावं?

'दार बिघडलं' एवढं म्हणू नका. आतून चालतं की बाहेरून, किल्लीने की रिमोटने, एक 'टक्' येतो की दोन, हे सांगा. काय काय उघडलं होतं आणि कोणता भाग बदलला ते विचारा, जुना भाग परत मागा. गाडी ताब्यात घेण्याआधी उघड्या दारातली चाचणी तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

शेवटी कोणतं तेल किंवा ग्रीस लावायचं?

लॅचच्या आकड्याला आणि खटक्याला पांढरं लिथियम ग्रीस, तेही जुना चिकटा साफ करून मगच. नुसता गंज सोडवणारा स्प्रे मारून सोडलं तर आतलं ग्रीस धुऊन जातं आणि थोड्याच दिवसांत लॅच पुन्हा कोरडं पडतं. किल्लीच्या सिलिंडरमध्ये ग्रीस कधीच घालू नका, त्यात धूळ बसून पत्त्या अडकतात. तिथे ग्राफाइटची पूड किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे वापरा, आणि किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करून पुसून घ्या.